पाटीपासून पॅनलपर्यंत: दहा वर्षांत शाळेत आलेल्या यंत्रांपैकी मुलांच्या खरोखर कामी काय आलं?

कृष्णाकाठची
८ जून २०२५, रात्री १०:४०

थोरल्याचा दहावीचा निकाल १३ मेला लागला. गुण चांगले मिळाले, पेढे वाटून झाले. धाकटं शेंडेफळ १६ जूनला पहिलीत जाणार, त्याच संस्थेत, त्याच इमारतीत. दोघांत दहा वर्षांचं अंतर, त्यामुळे एकाचं दप्तर माळ्यावर चढवता चढवता धाकटीचं भरायची वेळ आली.

आज माळा आवरला. एका गोणीतून काय काय निघालं ते सांगते: कोपरा फुटलेली दगडी पाटी, 'तिसरी-चौथी सर्व विषय' असं लिहिलेलं मेमरी कार्ड, एक कान गेलेला हेडफोन, दहा हजारांना हप्त्यावर घेतलेला आणि आता चार्जिंगच न घेणारा टॅब, आणि नववी-दहावीच्या एकेचाळीस वह्या.

त्याची सगळी शाळा डोळ्यापुढून गेली. २०१५ साली पहिलीत वर्गात पाटी होती आणि जिन्याखाली नवी कोरी 'ई-लर्निंग' खोली. आठवड्यातून एक तास चपला बाहेर काढून सतरंजीवर बसायचं आणि टीव्हीवर कविता बघायच्या. तिसरीत प्रोजेक्टर आला, सोबत खास पेनाने लिहायचा पांढरा बोर्ड. मग पुस्तकांत क्यूआर कोड आले. पाचवी संपता संपता, मार्च २०२० मध्ये, शाळाच बंद झाली आणि अख्खी सहावी आधी ह्यांच्या फोनवर, मग त्या टॅबवर झाली. आठवीत वर्ग नीट भरायला लागले तेव्हा पहिल्याच घटक चाचणीत पोराने अर्धा पेपर कोरा ठेवला. विचारलं, येत नव्हतं का रे? तर म्हणाला, "येत होतं गं आई, हातच चालत नव्हता." ते वाक्य अजून मनातून जात नाही. नववीत भिंतीवर मोठं टचस्क्रीन पॅनल बसलं. दहावीत निम्मा प्रकल्प चॅटजीपीटीला विचारून झाला. आणि बोर्डाची परीक्षा? तीन तास, निळं पेन, पुरवण्यांना दोरा.

आता शाळेकडून पत्रक आलंय: पहिलीसाठी टॅब 'ऐच्छिक', किंमत बारा हजार. ऐच्छिक म्हणजे काय ते आपण सगळे जाणतो. वर्गातल्या तीस जणांनी घेतला तर एकतिसाव्याला नाही म्हणता येत नाही.

घ्यावा का? आणि तुमच्या मुलांच्या शाळेत जे जे आलं त्यातलं टिकलं काय? ऐकीव नको, घरचा किंवा वर्गातला अनुभव सांगा.

मंदार_नि
८ जून २०२५, रात्री १०:५८

वाचनखूण साठवली आहे. आमचाही यंदा पहिलीतच.

दौतटाक
९ जून २०२५, सकाळी ७:१५

ताई, तुमच्या लेकाचं "हातच चालत नव्हता" वाचून गलबललं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, नगर जिल्ह्यातला (आताचा अहिल्यानगर). माझ्या लहानपणी पाटी, मग बोरू, मग टाक, आणि पाचवीत गेल्यावर शाईचं पेन. बॉलपेनला बंदी होती, अक्षर बिघडतं म्हणून. हे सांगतोय कारण नवी वस्तू आली की "आता पोरं बिघडणार" हे मी साठ वर्षं ऐकतोय आणि नोकरीत असताना मीही म्हटलेलं आहे.

पण एका यंत्राबद्दल मनापासून सांगायचंय. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी ही शाळांसाठी कार्यक्रम बनवणारी संस्था सुरू झाली. इन्सॅट उपग्रहामुळे शाळांसाठी दूरदर्शनवर कार्यक्रम येऊ लागले होते आणि आमच्या शाळेला रंगीत टीव्ही मिळाला. तो लाकडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या करगोट्याला. ते पंचायत समितीत मीटिंगला गेले की त्या दिवशी कार्यक्रम नाही.

एकदा मात्र लागला. बी रुजण्याचा पाठ होता. तीन-चार दिवसांची क्रिया अर्ध्या मिनिटात दाखवली: बी फुगलं, साल फाटली, मूळ खाली वळलं, कोंब माती सारून वर आला. शेतकऱ्यांचीच पोरं सगळी, पेरणी रोजची बघितलेली, पण जमिनीखाली काय चालतं ते कोणी पाहिलं नव्हतं. वर्ग इतका शांत मी पुन्हा कधी अनुभवला नाही. दुसऱ्या दिवशी चौथीतल्या एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. पोरीने सकाळी उठून मटकीच्या दोन ओळी उकरून काढल्या होत्या, मूळ खरंच खाली वळतं का ते बघायला! मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, पोरीला मारू नका, शिकवा. पुढे ती कृषी पदवीधर झाली.

बालचित्रवाणी २०१७ साली बंद पडली. मला फार वाईट वाटलं. आपल्या भाषेत, आपल्या पुस्तकांना धरून शाळेसाठी चित्रण करणारी माणसं तिथे तयार झाली होती.

विदर्भकन्या
९ जून २०२५, सकाळी ९:३०

दौतटाक काका, मटकीच्या ओळी उकरणारी मुलगी! दिवस सार्थकी लागला.

पाटीवरून आठवलं, पाटीवरची पेन्सिल कोणी कोणी खाल्लीये? मी दिवसाला एक संपवत होते. नवीन पुडा आणला की आई मोजून द्यायची.

सोनचाफा
९ जून २०२५, सकाळी ९:४१

मी! आणि ओल्या पाटीचा वाससुद्धा खावासा वाटायचा.

रानवाटा
९ जून २०२५, सकाळी ९:४४

आमच्या वर्गात पांढऱ्या पेन्सिलीपेक्षा करड्या पेन्सिलीला चव जास्त असं सर्वमान्य मत होतं.

डॉ_मृगजळ
९ जून २०२५, सकाळी १०:२०

गंमत खरी आहे, पण पालकांसाठी गांभीर्याने लिहिते. मूल सतत पेन्सिल, खडू, माती खात असेल तर ओरडण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोह कमी असलेल्या मुलांत ही सवय बऱ्याचदा दिसते. जंतांचं औषधही विचारून द्या.

विदर्भकन्या
९ जून २०२५, सकाळी १०:२५

डॉक्टर, धन्यवाद. माझं रक्त खरंच कमी होतं, नववीत कळलं.

बदलीपात्र
९ जून २०२५, रात्री ९:०५

सवडीने लिहितो म्हणून दिवसभर थांबलो. मी प्राथमिक शिक्षक, नाशिक जिल्ह्याच्या पेठ-सुरगाणा भागात नऊ वर्षं काढली. दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी.

२२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला. त्या काळात शिक्षकांमध्ये खरोखर उत्साह होता. साताऱ्याच्या कुमठे बीटातले (शाळांच्या गटातले) वर्ग बघायला आम्ही पदरमोड करून गेलो. शहापूरच्या पष्टेपाड्याची डिजिटल शाळा बघून आलो. परतल्यावर गावाने लोकवर्गणी केली. नागली (नाचणी) विकून, मजुरीतून, कोणी शंभर, कोणी पाचशे, असे बावन्न हजार जमले. प्रोजेक्टर, स्पीकर, पडदा आणला. उद्घाटनाला अख्खा पाडा आला होता, म्हाताऱ्या बायासुद्धा.

पहिलं दीड वर्ष छान चाललं. मग प्रोजेक्टरचा दिवा गेला. नव्या दिव्याला साडेआठ हजार. आमचं सादिल अनुदान (किरकोळ खर्चाचे सरकारी पैसे) वर्षाचे खडू, झाडू, रजिस्टर यातच संपायचं. परत वर्गणी कोणत्या तोंडाने मागायची? मी पगारातून आणला. पावसाळ्यात वीजबिल थकलं आणि जोडणी तोडली. तीन महिन्यांनी सुरू झाली तेव्हा प्रोजेक्टर चालेना. उघडून बघतो तर हवेच्या जाळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. काडीने हळूहळू कोरून काढलं, आत तिने साठवलेल्या अळ्या होत्या. पोरं भोवती गोळा झाली, आणि त्या दिवशी आमचा परिसर अभ्यासाचा सगळ्यात चांगला तास झाला. प्रोजेक्टर मात्र नंतर गरम होऊन बंदच पडायचा.

आता टिकलं काय ते सांगतो. माझा सात हजारांचा फोन आणि तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर. आमची मुलं घरी कोकणा बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना परकी. मी मुलांचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवायला लागलो. तिसरीतला एक मुलगा अक्षर अक्षर जोडून वाचायचा. स्वतःचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "गुरुजी, मी मधीच का थांबतो?" मी काहीच सांगितलं नाही. त्याने तोच उतारा सहा वेळा वाचला, सहा वेळा ऐकला, सातव्यांदा सलग वाचला. मग आम्ही पाड्यातल्या आज्यांच्या गोष्टी कोकणात रेकॉर्ड केल्या आणि मुलांनी त्या मराठीत लिहून काढल्या. यासाठी ना इंटरनेट लागलं, ना कंपनीचं सॉफ्टवेअर.

नंतर माझी बदली झाली. नव्या सरांना मी सगळं समजावून दिलं, पण संगणकाचा पासवर्ड बदलला की विसरला, कोण जाणे, सहा महिन्यांत ती खोली बंद झाली. नव्या सरांना दोष नाही, त्यांच्यावर आधीच ऑनलाइन माहिती भरायचा डोंगर आहे.

म्हणून ताई, माझं मत: वस्तू विकत घेताना तिच्या दिव्याचे, विजेचे आणि शिकवणाऱ्या माणसाचे पैसे बाजूला काढून ठेवले नसतील, तर ती वस्तू दीड वर्षाची पाहुणी समजा.

सोनचाफा
९ जून २०२५, रात्री ९:२२

"गुरुजी, मी मधीच का थांबतो?" डोळ्यात पाणी आलं सर.

कोडवाला_पुणे
९ जून २०२५, रात्री ११:१०

सगळ्यांच्या आठवणी सुंदर आहेत, पण धागा 'जुनं ते सोनं'कडे झुकतोय म्हणून लिहितो. माझा अनुभव उलटा आहे.

माझी मुलगी सहावीत असताना भूमितीत अडकली होती. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हे पाठ होतं पण पटत नव्हतं. जिओजेब्रा या गणिताच्या ॲपवर तिने त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला, कोन बदलत राहिले, बेरीज बदलेना. अर्धा तास ती ओढतच होती. शेवटी म्हणाली, "बाबा, हा खोटं बोलतच नाहीये." हे फळ्यावर कसं दाखवणार? फळ्यावरचा त्रिकोण एकच असतो आणि तोही हलत नाही.

दुसरं, सोलापूरच्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडून (स्कॅन केला की धडा बघता-ऐकता येतो) जे केलं त्याची दखल जगाने घेतली, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. १० लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेलं तंत्रज्ञान आहे हे. तेव्हा यंत्राला नाही, न वापरण्याला दोष द्या.

बदलीपात्र सर, तुमच्या प्रोजेक्टरचा प्रश्न पैशांचा आहे, तंत्रज्ञानाचा नाही.

बदलीपात्र
१० जून २०२५, सकाळी ६:५०

कोडवाला सर, त्रिकोणाचं उदाहरण फार आवडलं, आजच वापरून बघतो. पण पैसा आणि तंत्रज्ञान वेगळं कसं करायचं? शाळेत वस्तू येते ती तिच्या बिलासकटच येते. खडूची पेटी संपली तर मी गावातल्या दुकानातून आणतो. पॅनल बिघडलं तर तालुक्यातही दुरुस्त करणारा नाही.

डिसले गुरुजींबद्दल पूर्ण आदर. पण एक बघा, तिथेही कोडच्या मागे रोज नवं काहीतरी तयार करून ठेवणारा शिक्षक होता. कोड हा नुसता दरवाजा, आत कोणीतरी घर लावलेलं हवं.

कोडवाला_पुणे
१० जून २०२५, सकाळी ८:०२

हे मान्य. दुरुस्तीची तरतूद खरेदीच्याच आदेशात असावी, यावर आपलं एकमत.

भीमथडी
१० जून २०२५, सकाळी ११:३०

तंत्रज्ञान राहू द्या, आधी पहिलीपासून हिंदी लादायला निघालेत त्यावर बोला. पहिलीच्या मुलावर तीन तीन भाषा म्हणजे...

सावली
१० जून २०२५, सकाळी ११:३६

भीमथडी, विषय तुमच्याइतकाच मलाही लागलेला आहे, पण त्यावर वेगळा धागा पेटलेला आहे. इथे ताईंना टॅबचा निर्णय घ्यायचाय. कृपया तिकडे.

भीमथडी
१० जून २०२५, सकाळी ११:४०

बरोबर आहे. तिकडे जातो.

उजेडाची_आई
१० जून २०२५, दुपारी ३:१५

मी इथे फार लिहीत नाही, पण आज राहवलं नाही. "टॅब फेकून द्या" असं सरसकट कोणी म्हणू नका.

माझा मुलगा अल्पदृष्टी आहे. पहिली-दुसरीत तो पुस्तक नाकाला टेकवून वाचायचा. फळा दिसायचा नाही, म्हणून पहिल्या बाकावर बसूनही शेजाऱ्याच्या वहीतून उतरवायचा. शेजारी चुकला की हाही चुकायचा, आणि बाई म्हणायच्या कॉपी करतो. चौथीत आम्ही टॅब घेतला. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, त्या उतरवल्या, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं केली, बोटांनी मोठी केली. पहिल्यांदा त्याने एक पूर्ण धडा एकट्याने वाचला तेव्हा नऊ वर्षांचा होता. वाचून झाल्यावर विचारलं, "आई, बाकीची मुलं रोज असंच वाचतात?"

आता तो फळ्याचा फोटो काढतो आणि मोठा करून बघतो. वर्गात मोबाइलबंदी आली तेव्हा मला तीनदा अर्ज करावा लागला की हा त्याचा चष्मा आहे, खेळणं नाही. क्लासच्या नोट्स जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असल्या की वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर भलतंच काहीतरी बडबडतं. टाइप करणाऱ्या सगळ्यांना विनंती, मराठी युनिकोडमध्येच (कुठल्याही फोनवर-संगणकावर वाचता येते त्या पद्धतीत) टाइप करा. तुम्हाला फरक दिसत नाही, आमच्या मुलांना धडा ऐकू येतो की गोंधळ, ते त्यावर ठरतं.

कृष्णाकाठची
१० जून २०२५, दुपारी ४:००

ताई, हे तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी हा विचारच केला नव्हता. शिक्षक आईवडिलांच्या संस्कारात वाढले, तरी माझ्याही तोंडून "टॅब म्हणजे नाद" असंच निघतं. तुमच्या मुलाला खूप शुभेच्छा.

गोटेबोर्गची_गोदा
१० जून २०२५, संध्याकाळी ७:४५

स्वीडनमधून. माझी दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळेत. मोठीला पहिल्या वर्षापासून आयपॅड होता, पुस्तकं अगदीच मोजकी. धाकट्याच्या वेळी चित्र पालटलं. २०२३ साली इथल्या सरकारने शाळांत छापील पुस्तकं परत आणण्यासाठी ६८ कोटी ५० लाख क्रोनर दिले. त्याच वर्षी युनेस्कोचा शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरचा अहवाल आला, त्यावर इथे घरोघरी चर्चा झाली.

एकाच घरात फरक दिसतो. मोठी टाइप भराभर करते पण हाताने वाढदिवसाचं कार्ड लिहायचं तर चार कागद फाडते. धाकटा दप्तरातून पुस्तक काढून सोफ्यावर लोळत वाचतो आणि "आई, कालच्या पानावर डावीकडे खाली ते चित्र होतं" असं सांगतो. मजकूर पानावर कुठे होता हे त्याला आठवतं. मोठीला स्क्रीनवरचं असं आठवत नाही, असं ती स्वतः म्हणते.

दोघांना देवनागरी मी शिकवली. पाटीवर, सासूबाईंनी पाठवलेल्या. विमानात सामानात फुटू नये म्हणून साडीत गुंडाळून आणली होती.

मांडवीकाठ
१० जून २०२५, रात्री ८:३०

गोव्यातून. आमच्याकडे सरकारने संगणक थेट घरी द्यायला सुरुवात केली ती २००२ च्या सुमारास, सायबरएज योजनेत, अकरावीच्या मुलांना. मी त्या पहिल्या काही तुकड्यांतला. घरी खोका आला तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले होते. पुढे माझ्या भाचरांपर्यंत येईतो २०२१ ला शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना आली. भाची माध्यमिकात आहे, ब्लॉक जोडून प्रोग्रॅम बनवते.

माझ्या त्या संगणकाचा उपयोग काय झाला? पहिलं वर्षभर फक्त पत्ते. पण वडिलांच्या दुकानाचा हिशेब त्यावर मांडायला लागलो आणि आज त्याच कामावर माझं पोट आहे. कोणी अभ्यासक्रमात शिकवलं नव्हतं. मुलाच्या हातात वस्तू असण्याचाही एक फायदा असतो, तो लगेच दिसत नाही.

येरळामाई
१० जून २०२५, रात्री ९:५०

आमच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं कोणी कसं सांगितलं नाही अजून? २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. साडेआठला दुसरा भोंगा, मग सुरू. माझं माहेर शेजारच्याच गावात. पहिल्यांदा गेले तेव्हा रस्त्याने चालताना कुठल्याच घरातून मालिकेचा आवाज येईना, इतकं चमत्कारिक वाटलं! ओट्यावर दोन मुलं पाढे म्हणत होती, आजी ताक घुसळत ऐकत होती.

माझ्या मते महत्त्वाचं हे की तिथे मोठेही बंद करतात. आपल्याकडे मुलाला "फोन ठेव" म्हणणाऱ्या आईबापाच्या हातात फोन असतो.

रानवाटा
१० जून २०२५, रात्री १०:०५

आमच्या सोसायटीत भोंगा लावला तर सेक्रेटरीच्या घरी आधी मोर्चा जाईल :)

लालशाई
११ जून २०२५, दुपारी १:२०

मी बोर्डाचे पेपर तपासते, माध्यमिकला विज्ञान शिकवते. ताईंच्या लेकाच्या त्या वाक्याबद्दल लिहायलाच हवं, कारण तो एकटा नव्हता.

२०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. २०२२ ला लेखी झाली तेव्हा ७० ते ८० गुणांच्या पेपरला अर्धा तास जास्त दिला होता, कारण लिहिण्याचा सराव सुटलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षीचे पेपर मी विसरणार नाही. पहिली तीन पानं टपोऱ्या अक्षरात, पाचव्या पानावर अक्षर उताराला लागलं, आणि शेवटच्या प्रश्नाला नुसते मुद्दे. एकाने समासात लिहिलं होतं, "हात दुखतो आहे, उत्तर माहीत आहे." नियमात त्याला गुण देता येत नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतरच्या वर्षांत मी वर्गात रोज वीस मिनिटं फक्त लिहायला देते. काही अवघड नाही, कालचा प्रयोग स्वतःच्या शब्दांत. जूनमध्ये मुलं अर्धं पान लिहितात, दिवाळीपर्यंत दीड पान होतं. आमच्या वर्गातही पॅनल आहे आणि मी ते आनंदाने वापरते. हृदयाच्या झडपा उघडताना-मिटताना दाखवायला त्याच्यासारखं काही नाही. पण दाखवून झालं की पडदा बंद, आणि आता जे दिसलं ते आकृती काढून लिहा. हा दुसरा भाग गाळला की मुलांना "कळलं" असं वाटतं फक्त.

पडद्याबाहेरचे प्रयोगही फसतात बरं. दप्तर हलकं करायला २०२३-२४ मध्ये पुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली, पुस्तकाचे चार भाग केले. यंदापासून ती पानं गेली. मुलांच्या वह्या काही कमी झाल्या नव्हत्या.

दौतटाक
११ जून २०२५, दुपारी २:००

लालशाई बाई, वीस मिनिटांना माझा नमस्कार. आम्ही याला 'शुद्धलेखनाचा तास' म्हणायचो. नाव बदललं म्हणून तो तास वेळापत्रकातून गेला, याचं दुःख आहे.

तिसरी_घंटा
११ जून २०२५, दुपारी ४:१०

आमच्याकडे लॉकडाऊनमध्ये एकच फोन, तीन मुलं. सह्याद्रीवर 'टिलीमिली' हा शाळेच्या मुलांसाठीचा कार्यक्रम लागायचा, जुलै २०२० पासून, तो तिघांना मिळून बघता यायचा. घरात, अंगणात करून बघायच्या गोष्टी असायच्या. ऑनलाइन वर्गापेक्षा त्यातून माझी मुलं जास्त शिकली. टीव्ही जुना, पण रिचार्ज लागत नव्हता. गरिबाच्या घरी कोणतं यंत्र पोचतं हेही बघा.

विदर्भकन्या
१२ जून २०२५, सकाळी ८:४५

एक घरचा किस्सा. गेल्या दसऱ्याला भाच्याने आजीसमोर पाटीपूजनाला टॅब ठेवला. आजीने एकाच्या आकड्यांची सरस्वती त्यावरच काढायला सांगितली. त्याने बोटाने काढली, छान रंगीत. आजीने फूल वाहिलं, हळदकुंकू लावायला गेली आणि बोट लागून सरस्वती पुसली गेली. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. मग आजी उठली, कपाटातून तिची स्वतःची पाटी आणली, आणि त्याचा हात धरून परत काढली. ती पाटी दिवाळीपर्यंत तशीच देव्हाऱ्यात होती.

कृष्णाकाठची
१४ जून २०२५, रात्री ९:३०

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं, ह्यांना आणि लेकालाही वाचून दाखवलं.

काल मी आणि अजून चार पालक शाळेत भेटलो. भांडायला नाही, विचारायला गेलो. बदलीपात्र सरांच्या उत्तरावरून तीन प्रश्न लिहून नेले होते: टॅब बिघडला तर दुरुस्ती कोण करणार, त्यात काय घातलंय ते आधी बघायला मिळेल का, आणि दिवसातले किती तास तो मुलांच्या हातात असणार? पहिल्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मुख्याध्यापिकांनी प्रांजळपणे सांगितलं की त्यांनाही वरून आलंय. शेवटी असं ठरलं की पहिली-दुसरीला टॅब नको, वर्गात चार राहतील, शाळेच्या मालकीचे, बाई लागेल तसे वापरतील. उजेडाची_आई, तुमची गोष्ट मी तिथे नाव न घेता सांगितली. आमच्या शाळेतही कमी दिसणारी दोन मुलं आहेत असं कळलं. एक टॅब त्यांच्यासाठी राखून ठेवणार आहेत.

बारा हजारांतले थोडे आता गोष्टींच्या पुस्तकांवर जातील. आणि थोरल्याने स्वतःहून सांगितलंय की रोज संध्याकाळी सात ते साडेसात तो धाकटीला लिहायला बसवेल आणि स्वतःही लिहील. येरळामाई, भोंगा नाही, पण देवघरातली घंटा वाजवायचं काम धाकटीने घेतलंय.

आता एक शेवटचा प्रश्न. दगडी पाटी कुठे मिळते? इथल्या दोन्ही दुकानांत फक्त पत्र्याच्या आणि प्लॅस्टिकच्या आहेत. त्यावर पेन्सिल घसरते, अक्षर उमटतच नाही.

मंदार_नि
१५ जून २०२५, सकाळी ८:१०

आठवडी बाजारात बघा, देवाचं सामान विकणाऱ्यांकडे. मला काल तिथेच मिळाली. दोन घेतल्या.

दौतटाक
१५ जून २०२५, सकाळी ८:४०

घेताना बोटाने टिचकी मारून बघा, आवाज खणखणीत आला पाहिजे. भद्द वाजली तर आत तडा आहे. आणि चौकट आठवड्यात सैल होते, चारी कोपऱ्यांना आधीच सुतळी गुंडाळून ठेवा.